थळ घाटातले खेकडे : इगतपुरीच्या एका जुन्या फोटोवरून

तापीकाठ :

यंदाच्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत एक जुना कृष्णधवल फोटो मिळाला. कडा नागमोडी कातरलेल्या, आकाराने तळहाताएवढा, आणि मागे शिसपेनाने लिहिलेले दोनच शब्द : ‘इगतपुरी घाट’. फोटोत तीन माणसे एका इंजिनासमोर उभी आहेत आणि त्यांतले मधले माझे आजोबा आहेत. आजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, पुढे फायरमन झाले आणि १९६४ मध्ये ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी कसाऱ्याच्या घाटात, म्हणजे कसारा ते इगतपुरी या थळ घाटात, इंजिन चालवले, असे आमच्या घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आत्यांच्या तोंडी तर ते इतके पक्के बसले आहे की नव्या सुनेला घराची ओळख करून देताना सर्वांत आधी हेच सांगितले जाते.

आजोबा स्वतः मात्र घाटाविषयी फार बोलत नसत. विचारले तर अहिराणीत एवढेच म्हणत, “चढाले बळ लागस, उताराले अक्कल लागस.” हे वाक्य ते शेतातल्या बैलगाडीलाही लावत आणि रेल्वेलाही लावत, त्यामुळे त्यातून नेमके काही हाती लागत नाही.

गावच्या वाचनालयाने गावातल्या जुन्या नोकरदारांचे फोटो एका भिंतीवर लावायचे ठरवले आहे आणि आमच्याकडून हा फोटो मागितला आहे. फोटोखाली चार ओळी लिहायच्या आहेत. मला त्या खऱ्या लिहायच्या आहेत. म्हणून भिंगाखाली जे दिसते ते जसेच्या तसे मांडतो. इंजिनाचे तोंड बुटके आणि लांबट आहे. त्याच्या मागे थोडी उंच खोली आहे आणि तिला छोट्या खिडक्या आहेत. चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा स्पष्ट दिसतो. नंबरच्या पाटीवर पाच आकडे असावेत, पण सुरुवातीचे ‘२०’ एवढेच वाचता येते, पुढचे आकडे एका माणसाच्या खांद्याआड गेले आहेत. फोटोच्या वरच्या भागात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक ओरखडा आहे. उजव्या कडेला वाकड्या हाताचा एक जाड खांब आहे आणि त्याला कापडी पिशवीसारखे काहीतरी लोंबते आहे. आजोबांच्या डोक्याला फडके बांधलेले आहे.

हे कोणते इंजिन आहे, फोटो साधारण कोणत्या वर्षांतला असावा आणि आजोबांनी ते घाटात चालवले असेल का, याचा उलगडा जाणकारांनी करावा, ही विनंती.

जुनाफलाट :

चाकांना दांडा आहे म्हणजे हे वाफेचे इंजिन आहे, यात मला शंका वाटत नाही. बुटके लांबट तोंड म्हणजे बाजूंनी पाण्याच्या टाक्या असलेले घाटाचे टाकी-इंजिन असावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे आपल्या जीआयपीने, थळ आणि बोर या दोन्ही घाटांसाठी सुरुवातीपासून निराळी इंजिने घेतली होती. १८६०च्या दशकात शार्प स्टुअर्ट या कारखान्याने बनवलेली इंजिने बॉयलरवर खोगिरासारखी टाकी बसवलेली होती. पुढे चार लहान चाके, मागे एकमेकांना जोडलेली सहा मोठी चाके, अशी त्यांची बांधणी होती. पाण्याचे वजन चालत्या चाकांवर पडावे आणि रुळावर पकड वाढावी, हा त्यामागचा विचार होता. वेगळा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, जोडला तर त्याचे ओझे चढावर ओढत न्यावे लागते आणि त्याच्या वजनाचा पकडीला काहीच उपयोग होत नाही.

या इंजिनांचा जो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो तो त्यांचा ब्रेक आहे. चाकांवर दाबल्या जाणाऱ्या नेहमीच्या ठोकळ्यांखेरीज त्यांना घसरपट्टीसारखे ब्रेक असत. दोन चाकांच्या मधला ठोकळा खाली उतरून थेट रुळावर दाबला जाई आणि इंजिन जणू पाय रोवून उभे राही. उतारावर चाके जाम होऊन घसरू लागली तर केवळ चाकांच्या ब्रेकवर विसंबता येत नाही, हे त्या काळच्या अभियंत्यांनी ओळखले होते. तुमच्या आजोबांचे उताराविषयीचे वाक्य वाचून मला प्रथम याच ब्रेकची आठवण झाली.

रूळजोड :

जुनाफलाट यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु फोटोतले इंजिन वाफेचे नाही. दांडा दिसला म्हणजे वाफ, हा समज आपल्याकडे सर्वत्र आहे आणि याच इंजिनाने तो अनेकांच्या बाबतीत चुकीचा ठरवला आहे. वर्णनात धुराडे नाही, बॉयलरवरचा घुमट नाही, तोंडावर बॉयलरचे गोल दार नाही. बुटके तोंड, मध्ये उंच खोली आणि चाकांना दांडे, या तीन खुणा एकत्र आल्या की उत्तर एकच राहते. हा ‘खेकडा’ आहे.

जीआयपीने या मालगाडीच्या विद्युत इंजिनांना ईएफ-१ असे नाव दिले होते. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हटले गेले. पहिली १० इंजिने १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर येथील कारखान्यात तयार झाली आणि उरलेली ३१ इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत, अशी एकूण ४१ होती. विजेची यंत्रणा मेट्रोपॉलिटन व्हिकर्सची होती. आल्प्सच्या घाटांत चालणारी याच घडणीची इंजिने तिकडे ‘मगर’ म्हणून ओळखली जात. आपल्याकडे ती आली आणि कामगारांनी तिचा खेकडा केला.

दांड्याचे कारण असे. या इंजिनात प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटार नाही. एकेका बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात, दोन मोटारी आहेत, त्या दातेरी चक्रांमधून एक आडवा आस फिरवतात आणि तिथून दांड्यांच्या साहाय्याने तीन जोड चाकांना गती मिळते. अशा दोन बोगी, चार मोटारी, मिळून २६०० अश्वशक्ती. तिन्ही आस दांड्याने बांधलेले असल्याने एखादे चाक एकटे घसरू शकत नाही, आणि ओल्या रुळावर, पावसाळ्यातल्या कसाऱ्याच्या चढावर, याचे महत्त्व किती असेल ते सांगायला नको. याच काळातली प्रवासी गाड्यांची ईए-१ इंजिने वेगळ्या रचनेची होती आणि त्यांच्या चाकांना बाहेरून दांडे नव्हते, त्यामुळे या दोघांत गल्लत होण्याचे कारण नाही.

आता तुमच्या ‘ओरखड्या’कडे पुन्हा एकदा पाहावे. तो फोटोच्या कागदावर आहे की फोटोच्या आत आहे? फोटो तिरपा धरून उजेडात पाहिल्यास कळेल. माझ्या अंदाजाने ती रेघ म्हणजे डोक्यावरची विजेची तार आहे.

तापीकाठ :

रूळजोड यांनी सांगितल्याप्रमाणे फोटो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. कागद गुळगुळीत आहे. ती रेघ फोटोच्या आतच आहे आणि नीट पाहिल्यावर तिच्या थोडी वर, किंचित झोळ पडलेली, दुसरी रेघही अंधूक दिसते. दोन्हींना जोडणारी एक उभी बारीक काडीसुद्धा आहे. इतकी वर्षे आमच्या घरात कोणी हे पाहिले नव्हते.

जुनाफलाट :

वरची झोळ असलेली तार आणि खालची सरळ तार, ही विद्युत मार्गाचीच खूण आहे. माझे मत मी मागे घेतो. रूळजोड यांचे म्हणणे बरोबर आहे.

घाटमाथा :

माझे माहेर इगतपुरीचे. वडील रेल्वेत होते आणि आमचे क्वार्टर यार्डाच्या इतके जवळ होते की रात्री गाडी शंट होताना मांडणीवरची भांडी वाजत. खेकडा हे नाव कशावरून पडले याविषयी दोन गोष्टी ऐकल्या आहेत. एक अशी की त्याची चाल डुलत्या अंगाची होती. तीन तुकड्यांचे धड, मधली खोली आणि दोन बाजूंची दोन नाके, वळणावर प्रत्येक तुकडा आपापल्या कोनात वळे. दुसरी अशी की उभा असतानाही तो कण्हल्यासारखा आवाज करी. माझ्या मोठ्या काकू त्या आवाजावरून सांगत की आज खालून माल येणार आहे.

त्या फोटोतला वाकड्या हाताचा खांब मला लगेच ओळखू आला. तो वाफेच्या इंजिनात पाणी भरण्याचा खांब आहे. त्याचा हात फिरवून इंजिनावर आणायचा आणि लोंबणारी कॅनव्हासची पिशवी टाकीच्या तोंडात सोडायची, म्हणजे पाणी बाहेर उडत नाही. विजेच्या इंजिनाला हे पाणी लागत नाही. तेव्हा डोक्यावर विजेची तार आणि शेजारी पाण्याचा खांब, ही दोन्ही एकाच चौकटीत सापडणे ही मोठी खूण आहे, असे मला वाटते.

रूळजोड :

घाटमाथा ताईंचे निरीक्षण या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यावरून काळ आणि जागा दोन्ही आवळता येतात.

कल्याण ते इगतपुरी हा मार्ग १९३०च्या सुमारास १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर आला. त्यासाठी जीआयपीने कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा येथे स्वतःचे वीजघर उभारले होते. ही तार इगतपुरीला संपत असे. इगतपुरीपासून पुढे मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ हा सगळा मार्ग १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाफेच्याच भरवशावर होता, आणि नंतर विजेवर आला तोही २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर, म्हणजे निराळ्या पद्धतीवर. त्यामुळे पस्तीस-चाळीस वर्षे इगतपुरी हे असे स्थानक होते जिथे खालून येणारी गाडी खेकडा सोडून देई आणि वाफेचे इंजिन तिला उचलून खानदेशाकडे नेई. पाण्याचा खांब आणि विजेची तार शेजारी शेजारी असण्याचे कारण तेच.

काळाची दुसरी खूण नंबरच्या पाटीवर आहे. जीआयपीच्या काळात या इंजिनांचे नंबर चार आकडी होते. ‘२०’ने सुरू होणारे पाच आकडी नंबर मध्य रेल्वेच्या काळातले आहेत, आणि मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली. म्हणजे फोटो त्यानंतरचा. तुमचे आजोबा १९६४ मध्ये निवृत्त झाले, म्हणजे त्याआधीचा. पाटीवर पाच आकडे आहेत याची मात्र मूळ फोटोवरून पुन्हा खात्री करावी, कारण आपला सगळा कालनिर्णय त्या एका खुणेवर उभा आहे.

सातमाळा :

मी विद्युत अभियांत्रिकीचा निवृत्त शिक्षक आहे. आजोबांच्या वाक्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण घाटातल्या इंजिनाची ओळख आपण नेहमी त्याच्या ओढण्याच्या ताकदीवरून करतो आणि ते अपुरे आहे.

कसारा ते इगतपुरी अंतर सुमारे १४ किलोमीटर आणि चढ सुमारे ३०० मीटर. तीव्रता ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर. आकडा ऐकायला लहान वाटतो. हजार टनांची मालगाडी या उतारावर उभी असेल तर तिच्या वजनाचा ३७वा भाग, म्हणजे सुमारे २७ टनांचा जोर, तिला सतत खाली ओढत असतो. चाकांचे आणि बेअरिंगचे घर्षण त्यातला थोडाच भाग अडवते. उरलेला सगळा जोर ब्रेकने सहन करायचा. सपाटीवर ब्रेकचे काम क्षणभराचे असते, गाडी थांबली की संपले. घाटात तेच काम १४ किलोमीटर न थांबता करावे लागते. लोखंडी ठोकळे चाकांवर इतका वेळ घासत राहिले की तापतात, झिजतात आणि तापल्यावर त्यांची पकड कमी होते. नेमकी हवी तेव्हाच.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहू. हजार टन वजन ३०० मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती विजेच्या भाषेत सुमारे ८०० युनिट भरते. वाफेच्या काळात ही सगळी ऊर्जा ठोकळे तापवण्यात आणि ठिणग्या उडवण्यात जात असे. खेकड्यात निराळी सोय होती. उतारावर त्याच्या मोटारी उलट काम करत, म्हणजे चाके मोटारींना फिरवत आणि मोटारी वीज निर्माण करून वरच्या तारेत परत सोडत. गाडी आवरली जाई ती या वीजनिर्मितीच्या विरोधाने, आणि ठोकळे थंड राहत, अचानक गरज पडलीच तर ताजे. ८०० युनिटमधली सगळी वीज परत मिळत नाही, घर्षणात आणि यंत्रात बरीच जाते, परंतु उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला हातभार लावावा ही कल्पना १९२८ च्या इंजिनात होती, हे मला आजही रोमांचक वाटते. त्यासाठी एकच अट होती. खाली उतरणारी गाडी वीज देत असताना ती घेणारे कोणीतरी त्याच तारेवर असले पाहिजे.

नंतर १९७० पासून चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ इंजिने या घाटात आली. त्यांत निर्माण झालेली वीज तारेत न सोडता इंजिनातल्याच रोधकांमध्ये उष्णता करून उडवली जाई. हिशेबाने ते वाया घालवणे आहे, पण त्यात तारेवर दुसरी गाडी आहे की नाही याची चिंता राहत नाही.

जुनाफलाट यांनी रुळावर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकचे वर्णन केले, आणि मी विजेच्या ब्रेकचे केले. मधल्या काळात व्हॅक्यूम ब्रेक आला. घाटातल्या इंजिनांचा इतिहास लिहायचा तर तो ब्रेकच्या क्रमाने लिहावा, असे माझे ठाम मत आहे.

घाटमाथा :

सातमाळा सरांनी लिहिलेले वाचताना कॅच सायडिंग डोळ्यांसमोर आले. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. उतारावर मुख्य मार्गाला फुटून एक आंधळा रूळ डोंगराच्या अंगाने वर चढतो आणि तिथेच संपतो. सांधा नेहमी त्या आंधळ्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने सांध्याआधी पूर्ण थांबायचे, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे तिने सिद्ध केले, आणि मगच सांधा मुख्य मार्गाला लावला जातो. जी गाडी थांबू शकत नाही ती आपोआप त्या चढावर जाते आणि तिचा वेग तिथे जिरतो. लहानपणी मला वाटे की गाडी दमली म्हणून थांबते.

चढताना गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावतात तेही कसाऱ्याला. पुढचे इंजिन शिट्टी देते, मागचे उत्तर देते, आणि मग गाडी हलते. ओढणारा एक आणि ढकलणारे मागे, यामुळे मधल्या कपलिंगवर सगळा ताण येत नाही आणि कपलिंग तुटलेच तर मागचे डबे बँकरच्या अंगावर राहतात, खाली पळत सुटत नाहीत.

केळीबाग :

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले आहे की वाचक म्हणून राहवले नाही. मी रावेर भागातला शेतकरी आहे, रेल्वेचा तज्ज्ञ नाही. एक शंका मनात आहे. १८६५ मध्ये हा घाट खुला झाला तेव्हाच मुंबई आणि खानदेश एका सलग रुळाने जोडले गेले. तोच काळ अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आल्याचा. आपल्याकडचा कापूस आधी बैलगाड्यांवर लादून मुंबई-आग्रा रस्त्याने याच थळ घाटातून खाली जात असे. मग रेल्वेसाठी थळ घाट निवडण्यात बैलगाडीच्या जुन्या वाटेचा हात होता का?

रूळजोड :

केळीबाग यांना : दिशा तीच होती, वाट तीच नव्हती. बैल थोड्या अंतरात खूप चढू शकतो, रुळावरचे गुळगुळीत चाक चढू शकत नाही. म्हणून जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या मार्गाला डोंगराच्या कडेकडेने लांबण घेत जावे लागले. एहेगावचा पूल ज्या दरीवर आहे, तिथे रुळापासून दरीचा तळ १८२ फूट खाली आहे. सुरुवातीच्या आखणीत एक उलट फिरण्याचे स्थानकही होते. गाडी एका आंधळ्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी मागच्या बाजूने पुढचा चढ चढू लागे. नंतरच्या आखणीत ते वगळले. बोर घाटातही खंडाळ्याजवळ असेच स्थानक होते आणि ते १९२९ मध्ये टाळले गेले. जुन्या चित्रांत या दोन्ही स्थानकांची अदलाबदल वारंवार झालेली दिसते, म्हणून चित्राखाली ‘थळ’ लिहिले आहे एवढ्यावर कोणी भरवसा ठेवू नये.

यावरूनच तापीकाठ यांना एक नाजूक गोष्ट सांगावीशी वाटते. फोटोच्या मागे ‘इगतपुरी घाट’ लिहिले आहे, पण फोटो घाटातला नाही. पाण्याचा खांब सांगतो की तो इगतपुरी स्थानकाच्या आवारातला, म्हणजे घाट जिथे संपतो तिथला आहे.

तापीकाठ :

रूळजोड, आपण ते नाजूकपणे सांगितले, त्याबद्दल आभारी आहे. मी स्वतः त्याच ठिकाणी येऊन पोहोचलो होतो आणि दोन दिवस काही लिहिले नाही.

दरम्यान मी दोन गोष्टी केल्या. आजोबांच्या सेवेची नोंद मिळते का ते पाहण्यासाठी एका कार्यालयात गेलो. तिथे मला सांगण्यात आले की त्या काळातली हजेरीपुस्तके जागेअभावी केव्हाच रद्दीत गेली. एका कारखान्याएवढ्या शेडमध्ये रात्रंदिवस राबलेल्या शेकडो माणसांची नावे किलोच्या भावाने गेली, हे ऐकून मला बाहेर येऊन थोडा वेळ पायरीवर बसावे लागले. दुसरी गोष्ट, फोटो चाळीसगावच्या एका स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला. पाटीवर आकडे पाचच आहेत. ‘२०’च्या पुढचा आकडा शून्य आहे, उरलेले दोन झाकलेले आहेत.

मोठ्या केलेल्या फोटोत आणखी काही दिसले. आजोबांच्या शेजारची दोन माणसे स्वच्छ कपड्यांत आहेत. एकाच्या खिशाला पेन आहे. आजोबांच्या डोक्यावरचे फडके, सदऱ्याच्या बाह्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आहेत. आधी मला ती सावली वाटली होती. सावली असती तर तिघांवरही एकाच बाजूने पडली असती.

जुनाफलाट :

तो कोळसा आहे.

रूळजोड :

होय. खेकड्यावर काम करणाऱ्या माणसाला तेल लागेल, ग्रीस लागेल, पण कोपरापर्यंत कोळसा लागणार नाही. ती स्वच्छ कपड्यांतली दोन माणसे खेकड्यावरची असावीत आणि तुमचे आजोबा नुकतेच वाफेच्या इंजिनावरून उतरलेले असावेत. ते इंजिन फोटोत नाही. बहुधा फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, त्या खांबाखाली पाणी घेत उभे असेल.

सातमाळा :

आजोबांचे वाक्य आता मला निराळे ऐकू येते. भुसावळहून इगतपुरीला जाताना खानदेशाचे मैदान आणि नाशिकच्या पठाराचा चढ आहे. त्या चढावर फावड्याने कोळसा घालून ‘बळ’ पुरवणारे ते स्वतः होते. उताराची ‘अक्कल’ ज्यांच्याकडे होती त्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून ते फोटोत उभे आहेत. मी हा केवळ तर्क मांडतो आहे.

घाटमाथा :

दादा, एक विनंती आहे. आत्यांना हे सांगताना ‘आजोबांनी घाट चालवला नाही’ अशी सुरुवात करू नये. आम्ही इगतपुरीची माणसे भुसावळकडून येणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनना ‘वरचे लोक’ म्हणून ओळखायचो. ते रनिंग रूमवर, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या जागी, येऊन आंघोळ करत तेव्हा नळाखालचे पाणी काळे वाहत असे, हे मी पाहिले आहे. घाटाखालून आलेली प्रत्येक गाडी पुढे त्यांनीच नेली.

केळीबाग :

पाचोरा-जामनेर मार्गाची आमची ‘पीजे’ २०२० मध्ये थांबली. त्या दिवसांत प्रत्येकाने मोबाइलवर फोटो काढले. कोणत्या फोटोत कोण उभे आहे आणि तो कोणत्या स्थानकावरचा आहे, हे किती जणांनी लिहून ठेवले असेल? हा धागा वाचून मी माझ्याकडचे २३ फोटो काढून बसलो आहे. ६ फोटोंतली स्थानके मलाच आता सांगता येत नाहीत. पहूरच्या एका काकांकडे उद्या जाणार आहे.

रूळजोड :

केळीबाग यांनी त्या काकांना फोटो एकेक करून दाखवावेत, सगळे एकदम दाखवू नयेत, आणि ते जे शब्द वापरतील तेच शब्द लिहावेत. खेकडा हे नावही कागदावरून नव्हे, कामगारांच्या तोंडूनच आपल्यापर्यंत आले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ असे मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव मिरवणारे याच जातीचे एक इंजिन जपलेले आहे. तापीकाठ यांना जमले तर त्यांनी वडिलांना घेऊन ते पाहून यावे. दांडा, मधली खोली आणि पाटीची जागा आपल्या फोटोशी ताडून पाहता येईल.

तापीकाठ :

दिल्लीचे तिकीट काढले आहे. वडील ७८ वर्षांचे आहेत, तरी येतो म्हणाले.

मोठ्या आत्यांना काल सगळे वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की आजोबा इगतपुरीहून परत आले की आजी त्यांना अंगणातच थांबवत असे, आणि हंडाभर गरम पाणी बाहेर आणून दिल्याशिवाय घरात पाऊल टाकू देत नसे. ही गोष्ट त्यांनी आम्हांला यापूर्वी कधीच सांगितली नव्हती, कारण घाटाच्या गोष्टीत तिला जागा नव्हती.

वाचनालयासाठी फोटोखालचा मजकूर असा लिहिला आहे. काही दुरुस्ती असल्यास शनिवारपूर्वी कळवावी, त्या दिवशी तो रंगवायला द्यायचा आहे :

‘इगतपुरी स्थानक, १९५१ ते १९६४ या काळात. मागे घाटातून गाडी वर आणणारे विजेचे इंजिन, ज्याला कामगार खेकडा म्हणत. मध्ये आपल्या गावचे फायरमन, जे इथून पुढे गाडी वाफेच्या इंजिनाने भुसावळकडे नेत. हातांवर दिसतो तो कोळसा आहे.’